चार पापड आणि रुपयाचा प्रश्न

बँकेच्या नोकरीने मला एक खोड लावली. कुणाचेही चरित्र वाचायला घेतले की मी त्यात आधी पैशांचा हिशेब शोधतो. या माणसाचे घर कशावर चालत होते, शिक्षणाला पैसे कोणी दिले, परतफेड कशी झाली? चरित्रकार हे बहुधा दोन ओळींत उरकतात. त्यांना पुढच्या मोठ्या गोष्टींकडे जायची घाई असते. मी मात्र तिथेच अडतो. महिन्याची वीस तारीख उलटल्यावर खिशात काय उरले होते, हे कळल्याशिवाय मला माणूस नीट दिसत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात मी असाच एका जागी अडलो, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. नोकरी नवी होती. बदलीच्या गावी एकटा राहत होतो आणि खानावळीत जेवत होतो. रात्री धनंजय कीर यांचे आंबेडकर-चरित्र वाचत पडलो होतो. लंडनमध्ये शिकत असताना रात्री दहाच्या सुमारास भूक अनावर झाली की बाबासाहेब चार पापड भाजून खात आणि पुन्हा वाचायला बसत, असे त्यात आले. मी पुस्तक मिटले. त्याच संध्याकाळी भाजी बेचव आहे म्हणून मी खानावळीतले ताट पुढे सारले होते. ते आठवून मला माझीच लाज वाटली.

पुढे बाबासाहेबांवर पुष्कळ वाचले. महाडचे तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमी. या साऱ्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण ते चार पापड मनातून गेले नाहीत. आज मी त्यांच्याविषयीच लिहिणार आहे. म्हणजे घटनेच्या शिल्पकाराविषयी नव्हे, तर तिशीला आलेल्या, बायकोमुलांना परळच्या चाळीत ठेवून, उसने पैसे घेऊन सातासमुद्रापलीकडे शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याविषयी, आणि त्याच्या एका दिवसाविषयी.

ही त्यांची परदेशची पहिली वारी नव्हती, हे आधी सांगायला हवे. बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी, असा करार होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील रामजी सुभेदार गेले होते. अमेरिकेत १९१५ साली एम.ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातले. आणि अभ्यास रंगात आला तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली परत फिरावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी विद्यापीठाने दिली.

तो परतीचा प्रवासही पहिल्या महायुद्धातला. पुस्तकांचे सामान ज्या बोटीने पाठवले होते ती पाणतीराने बुडाली. न्यूयॉर्कमध्ये जुन्या बाजारातून एकेक करून जमवलेल्या ग्रंथांपैकी किती तरी समुद्राच्या तळाला गेले. कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर तिथे महार म्हणून राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहिले. ते उघडकीला आल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कचेरीतले शिपाई हातात कागद द्यायचे टाळून टेबलावर फेकत. कोलंबिया विद्यापीठाच्या पदवीधराला आपल्या देशाने दिलेली ही पावती होती.

मग मुंबई. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार महिना साडेचारशे रुपये. त्या काळात हा चांगलाच पगार होता. दुसऱ्या कुणी चाळ सोडून बरे घर घेतले असते. बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच राहिले. रमाबाईंच्या हाती घरखर्चाचे मोजके पैसे द्यायचे आणि बाकीचे लंडनसाठी बाजूला टाकायचे. कारण चार वर्षांची मुदत संपत चालली होती. त्यातही त्यांनी स्वतःपुरते पाहिले नाही. १९२० च्या जानेवारीत शाहू महाराजांच्या मदतीने ‘मूकनायक’ सुरू केले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. त्याच महिन्यात नोकरी सोडली आणि जुलैत बोट पकडली.

आता माझा हिशेब. गाठीला स्वतःची बचत होती. शाहू महाराजांनी हातभार लावला. आणि पाच हजार रुपये उसने दिले नवल भथेना यांनी. हे भथेना कोलंबियाचे सोबती, न्यूयॉर्कच्या वसतिगृहात बाबासाहेबांबरोबर राहिलेले पारशी गृहस्थ. पाच हजार म्हणजे प्राध्यापकाचा जवळजवळ वर्षाचा पगार. तारण काय? काही नाही. जमीन नाही, दागिने नाहीत, घर भाड्याचे, नोकरी नुकतीच सोडलेली. बँकेच्या कुठल्याही नियमात हे कर्ज बसले नसते. भथेनांनी ते माणूस पाहून दिले.

सप्टेंबर १९२० च्या अखेरीस बाबासाहेब पुन्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पटावर आले. आणि सुरू झाला तो दिनक्रम, जो पुढची अडीच वर्षे थोड्याफार फरकाने तसाच राहिला.

पहाटे सहाला उठायचे. लंडनची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ठाऊक आहे, की तिथे हिवाळ्यात सकाळी आठपर्यंत धड उजाडत नाही. अंधारात तोंड धुवायचे, कपडे चढवायचे आणि खाली न्याहारीला जायचे. घरमालकीण कडक आणि हात आखडता. न्याहारी म्हणजे पावाचा एक भाजलेला तुकडा, त्यावर थोडा मुरंबा, मासळीचा लहानसा तुकडा आणि कपभर चहा. एवढ्यावर दिवस काढायचा. लगेच बाहेर पडायचे, कारण ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाचे दार उघडते तेव्हा आपण तिथे असले पाहिजे. गाडीभाडे वाचावे म्हणून पायी.

लंडनच्या उत्तर भागात प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोड नावाचा रस्ता आहे. त्यावरच्या दहा नंबरच्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले आणि त्यांचे स्मारक केले. निवृत्तीनंतर मुलीकडे लंडनला गेलो असता एका सकाळी मी मुद्दाम तिथे गेलो. ओळीने एकाला एक लागून घरे, समोर शांत रस्ता, भिंतीवर नावाची निळी गोल पाटी. मग तिथून म्युझियमपर्यंत मी चालत निघालो. चॉक फार्म, कॅम्डेनचा बाजार, हॅम्पस्टेड रोड, टॉटनहॅम कोर्ट रोड, मग डावीकडे वळून ग्रेट रसेल स्ट्रीट. अंतर चार किलोमीटरच्या आसपास. मला तासाच्या वर लागला. दोनदा बाकावर बसलो, एकदा कॉफी प्यालो. मुलीने पायांत चांगले बूट घालायला लावले होते आणि दिवस जूनचा होता. हे सगळे सांगतो, कारण पुस्तकात पायी जात हे दोनच शब्द असतात. ते दोन शब्द पायांनी वाचल्यावर वेगळे वाटतात.

म्युझियमच्या मधोमध ते प्रसिद्ध गोल वाचनालय. १८५७ साली उघडलेले. एकशे चाळीस फूट व्यासाचा घुमट, त्याखाली मध्ये ग्रंथपालांची गोल बैठक आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या टेबलांच्या रांगा. कार्ल मार्क्स वर्षानुवर्षे इथेच बसून वाचत असे. इंग्लंडात छापलेले बहुतेक सगळे काही इथे मिळे. हिंदुस्थानच्या कारभाराचे जुने अहवाल, अंदाजपत्रके, टांकसाळीचे आकडे, चलनावरच्या समित्यांपुढच्या साक्षी. आपल्या देशाच्या गरिबीचा हिशेब आपल्या देशात नव्हता, तो इथे होता. तो वाचायचा तर इथेच यावे लागे.

बाबासाहेब जागेवर बसत ते संध्याकाळीच उठत. दुपारचे जेवण नाही. बाहेर जाऊन खायला पैसे लागतात आणि वेळही. पैसे मोजके होते हे खरे, पण मला वाटते, वेळेची टंचाई त्याहून मोठी होती. एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी अशा तीन परीक्षांचा अभ्यास एकाच वेळी चालला होता. पहिल्या खेपेला मुदत संपून परत जावे लागले होते. आता पैसे संपले की मुदत संपणार होती. प्रत्येक तास कुणाच्या तरी पैशाने विकत घेतलेला होता. चाळीत रमाबाई काटकसरीने दिवस काढत होत्या, मुलगा यशवंत सात-आठ वर्षांचा होता. त्या घरातून काढलेला तास जेवणात घालवणे त्यांना परवडत नसावे.

वाचनालय बंद व्हायची वेळ झाली की शेवटी उठणाऱ्यांत ते असत. चेहरा ओढलेला आणि खिसे टिपणांच्या कागदांनी फुगलेले. पण दिवस संपलेला नसे. तिथून लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय किंवा कॉलेज, कधी कायद्याचा अभ्यास. त्या काळी बॅरिस्टर व्हायचे तर नुसती परीक्षा पुरत नसे. दर सत्रात ठरावीक वेळा संस्थेच्या भोजनगृहात पंगतीला हजेरी लावावी लागे. एरवी दुपारी उपाशी राहणारा हा विद्यार्थी परीक्षेच्या अटीपोटी तिथे पैसे भरून जेवायला बसत असेल, तेव्हा त्याला काय वाटत असेल याचा मी कितीदा तरी विचार केला आहे.

रात्री घरी परतल्यावर जेवण म्हणजे कपभर बोव्हरिल, हे मांसाच्या अर्काचे गरम पेय, आणि बिस्किटे. मग पुन्हा पुस्तक. दहाच्या सुमारास पोटात आग पडे. लंडनमधल्या कुणा भारतीय परिचिताने त्यांना पापडांचे एक पुडके दिले होते. त्यातले चार पापड पत्र्यावर भाजून खायचे आणि पुढे वाचायचे, ते पहाटेपर्यंत. खोलीत सोबत राहणारा मित्र मध्येच जागा होऊन त्यांना झोपायला सांगे. त्यावर त्यांचे उत्तर असे असे, की जेवायला पैसे नाहीत आणि झोपायला वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा उठायचे असे.

इथपर्यंतची हकिकत पुष्कळांना माहीत असते. व्याख्यानांत ती रंगवून सांगितली जाते आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते. त्यात वावगे काही नाही. पण मला या हकिकतीचा उरलेला अर्धा भाग सांगायचा आहे, आणि तो मला बँकेच्या परीक्षेने दिला.

आम्हा बँकवाल्यांची सीएआयआयबी नावाची एक परीक्षा असते. पास झाले की पगारात वाढ मिळते, म्हणून सगळे देतात. १९८० च्या दशकात तिच्या अभ्यासासाठी मी तालुक्याच्या वाचनालयात चलनाच्या इतिहासावर पुस्तक शोधत होतो. तिथे १९४७ साली मुंबईत निघालेली एक आवृत्ती हाती लागली. विषय भारतीय चलन आणि बँकिंगचा इतिहास, लेखक बी. आर. आंबेडकर. मला क्षणभर वाटले, हे दुसरे कुणी असतील. आत उघडले तर हे पुस्तक म्हणजे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, म्हणजे ‘रुपयाचा प्रश्न’, या १९२३ सालच्या प्रबंधाचीच नवी आवृत्ती होती. चार पापडांवर रात्र काढून जो अभ्यास चालला होता, तो याचा होता.

हा रुपयाचा प्रश्न काय होता, तो सोपा करून सांगतो. १८९३ पर्यंत कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. जगात चांदीचा भाव घसरत गेला, तसा सोन्याच्या तुलनेत रुपयाही घसरला. इंग्लंडला दरवर्षी पौंडांत पैसे पाठवणाऱ्या सरकारला हे महाग पडू लागले. तेव्हा सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या आणि रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सवर आणून ठेवला. देशात रुपया चांदीचा, पण त्याचा भाव सोन्याशी बांधलेला, आणि तो सांभाळण्यासाठी गंगाजळी लंडनमध्ये, अशी व्यवस्था झाली. केन्ससारख्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली पुस्तक लिहून या व्यवस्थेची तरफदारी केली होती.

महायुद्धात सगळे उलटेपालटे झाले. चांदी भडकली, रुपया चढत गेला. १९२० च्या आरंभी सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरवला आणि तो टिकवण्यासाठी लंडनच्या गंगाजळीतून पौंड विकत राहिले. पण बाजार उलटा फिरला होता. सप्टेंबर १९२० च्या अखेरीस सरकारने हात टेकले. पुढच्या वर्षी रुपया एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली गेला.

आता तारखा जुळवून पाहा. ज्या आठवड्यात बाबासाहेब कॉलेजात पुन्हा नाव घालत होते, त्याच आठवड्यात सरकारने रुपया वाऱ्यावर सोडला. कागद घेऊन मी हिशेब केला. रुपयाला दोन शिलिंग भाव असेल तर शंभर रुपयांचे दहा पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्स भाव झाला, की त्याच शंभर रुपयांचे सहा पौंड तेरा शिलिंग चार पेन्स. रुपये शंभरच, पण पौंडांतला तिसरा हिस्सा गायब. रुपयांत बचत करून, रुपयांत कर्ज काढून जो विद्यार्थी लंडनमध्ये राहतो, त्याच्या ताटातून हा तिसरा हिस्सा जातो. बाबासाहेबांना पुन्हा भथेनांकडे पैशांसाठी पत्र लिहावे लागले, आणि मित्राला वारंवार त्रास देतो आहोत याचा संकोच त्यात त्यांना लपवता आला नाही.

म्हणजे दिवसभर घुमटाखाली बसून ज्या रुपयाचा ते अभ्यास करत होते, तोच रुपया रात्री त्यांना उपाशी ठेवत होता. मी कादंबऱ्या लिहिल्या आहेत. असा योग मी कादंबरीत घातला असता तर समीक्षकांनी बेतलेला म्हणून झोडपले असते.

पण प्रबंधात या उपासाचा मागमूस नाही. त्यात आहेत ते आकडे, कायदे, अहवाल आणि कठोर तर्क. रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडले, तर सरकार जास्त पाडणार. चलन वाढले की महागाई होणार. तेव्हा सरकारच्या हातून ही मर्जी काढून घ्या, रुपयांच्या संख्येला कायमची मर्यादा घाला, असे त्यांचे म्हणणे. नुसता परदेशी विनिमयाचा भाव स्थिर ठेवण्यापेक्षा रुपयाने देशात काय विकत घेता येते ते स्थिर राहिले पाहिजे. केन्सचे मत त्यांनी नाव घेऊन खोडले. मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांना त्यांचे सगळे निष्कर्ष मान्य नव्हते. तरीही त्यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, मतभेद मोकळेपणाने नोंदवले आणि विचारांच्या ताजेपणाचे कौतुकही केले.

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मजुरीचा मुद्दा. चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे १९२५ च्या डिसेंबरात बाबासाहेबांची साक्ष झाली. रुपया स्वस्त असला की निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला फायदा होतो, असे तेव्हाही म्हटले जाई, आजही म्हणतात. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुणाच्या खिशातून? परदेशी गिऱ्हाइकाच्या नव्हे. देशात भाव चढतात, मजुरी मात्र तेवढी चढत नाही. व्यापाऱ्याला मिळतो तो आपल्याच मजुराचा घास. गिरणगावात वाढलेला, चाळीत राहिलेला माणूसच हा प्रश्न असा विचारू शकतो. ज्याने शंभर रुपयांचे साडेसहा पौंड होताना पाहिले, त्याला रुपयाच्या भावात घास दिसला तर त्यात आश्चर्य नाही.

रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या पुस्तकामुळे स्थापन झाली, असे हल्ली सरसकट सांगितले जाते. जन्मभर बँकेत काढलेला माणूस म्हणून मी इथे थोडा सावध राहतो. आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. बाबासाहेबांची साक्ष मुख्यतः चलनाचे परिमाण आणि रुपयाचा भाव यांवर होती. पण चलन काढणाऱ्याच्या हाताला लगाम हवा आणि महागाईचा पहिला मार मजुराला बसतो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितले होते. मोठेपणासाठी एवढे पुरेसे आहे. त्यात भर घालायची गरज नाही.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ च्या जूनमध्ये बॅरिस्टर. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.चा प्रबंध सादर. परीक्षकांनी तो सुधारून द्यायला सांगितले. आणि नेमके तेव्हा पैसे संपले. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, ऑगस्टमध्ये पाठवला आणि नोव्हेंबरात पदवी मिळाली. निष्कर्ष बदलले नाहीत. मधल्या काळात वकिलीची सनद घ्यायलाही पैसे नव्हते. तेही भथेनांनीच दिले. प्रबंध पुस्तकरूपाने निघाला तो आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण करून.

आता माझ्याकडचा एक हिशेब द्यायचा राहिला आहे. तो देणे सोपे नाही.

१९९६ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एक मुलगा कर्ज मागायला आला. वडील रोजगार हमीच्या कामावर जाणारे. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला होता, फीचा काही भाग माफ झाला होता, उरलेल्या पैशांचा प्रश्न होता. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घड्या घालून आणले होते. गुण उत्तम होते. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि तारण काय आहे ते विचारले. तारण नव्हते. जामीन राहील असा नातेवाईक नव्हता. मी अर्जावर तारण अपुरे असा शेरा मारला आणि तो परत केला. वरच्या कार्यालयाकडे विशेष बाब म्हणून पाठवता आला असता. पाठवला नाही. मार्चअखेर जवळ आली होती, थकबाकीवरून वरून बोलणी बसत होती आणि नियम माझ्या बाजूला होता.

तो मुलगा काही बोलला नाही. कागद पुन्हा पिशवीत घातले आणि आभार मानून गेला. इंग्लंडला गेला नाही. पुढे त्याच तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवू लागला. अजूनही कुठे भेटला तर वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार मला नीट घेता येत नाही.

गंमत अशी, की माझ्या टेबलामागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. चौदा एप्रिलला मीच तिला हार घालत असे आणि चार शब्द बोलत असे. त्या चार शब्दांत चार पापड हमखास असत. भथेनांचे नाव मात्र एकदाही माझ्या तोंडी आले नव्हते. उपाशी राहून शिकणाऱ्याचे गुणगान करणे सोपे असते. त्याला पैसे देणाऱ्याची जोखीम घ्यायची वेळ आली, की आपण नियमाची चोपडी उघडतो.

बाबासाहेबांनी स्वतः ती जोखीम इतरांसाठी घेतली. १९४२ नंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर त्यांनी अस्पृश्य समाजातील विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्यांचा आग्रह धरला, परदेशी शिक्षणासाठीसुद्धा. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, मग औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद. उपाशी राहण्यात काही पुण्य आहे असे त्यांना वाटत असते, तर पुढच्या मुलांसाठी त्यांनी एवढी धडपड केली नसती. आपल्याला जे सोसावे लागले ते त्यांना सोसावे लागू नये, एवढाच त्याचा अर्थ.

काळ थोडा बदलला, हेही सांगायला हवे. १९५० च्या दशकात केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. २००१ साली बँकांसाठी शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली आणि चार लाखांपर्यंत तारण मागायचे नाही असे ठरले. माझ्याकडचा मुलगा पाच वर्षे आधी आला होता. महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीला आज राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. लंडनला निघालेल्या विद्यार्थ्याला १९२० साली ज्यांनी हात दिला, त्यांचेच.

दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास मुंबईच्या विमानतळावर रात्री एक दृश्य दिसते. पाठीवर पिशवी घेतलेली मुले, रडवेल्या आया, उगाच घड्याळ पाहणारे वडील. बॅगेचे वजन जास्त भरते, मग तिथेच फरशीवर ती उघडली जाते आणि काय काढायचे यावरून वाद होतो. पुस्तके निघतात, स्वेटर निघतो. पापडांचे पुडके मात्र आई काढू देत नाही. माझ्या मुलीच्या वेळीही हेच झाले. पहिल्या महिन्यात तिचा एकदा फोन आला. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी दुकानात काम, बस चुकली म्हणून पायी आली, आल्यावर स्वयंपाकाचे त्राण नव्हते म्हणून दोन पापड भाजून खाल्ले आणि अभ्यासाला बसले, असे सांगत होती. आवाज रडका होता. मी तिला किंग हेन्रीज रोडचा पत्ता दिला आणि सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन ये म्हटले. ती गेली, आणि त्यानंतर मला हाताला धरून तिनेच तिथे नेले.

आपल्या घरातून कुणी असे निघाले असेल, तर बॅगेत पापड जरूर घाला. आणि शेजारच्या घरात एखादे मूल कागदांची पिशवी घेऊन दारोदार फिरत असेल, तर त्याचे तारण विचारण्याआधी त्याला बसवून त्याचे गुणपत्रक एकदा पाहा. मी पाहिले होते. पाहून परत केले होते. म्हणून सांगतो.